घरातील अनोळखी वास आणि त्याचा शोध

घर हे मनुष्याच्या विसाव्याचे ठिकाण. परंतु त्याच घरात एखादे दिवशी अनोळखी वास येऊ लागला, म्हणजे गृहिणीचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. उदबत्ती लावली जाते, सुवासिक फवारा मारला जातो आणि दोन दिवसांनी तोच वास पुनश्च हजर होतो. वास हे लक्षण आहे. लक्षण झाकल्याने रोग बरा होत नाही. म्हणून त्याच्या मुळाशी कसे जावे, याचा क्रमवार विचार येथे करू या.

प्रथम जिवावर बेतणारे वास. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त, उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. अमेरिकेतील टेक्सस राज्यात न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी वास नसलेला नैसर्गिक वायू साचून भीषण स्फोट झाला व सुमारे ३०० मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूला वास देण्याची सक्ती होऊ लागली. आपल्या हिंगाचा उग्रपणाही गंधकयुक्त द्रव्यांमुळेच असतो. तेव्हा ‘हिंगाचा डबा उघडा राहिला असेल’ असे म्हणून गॅसच्या वासाकडे कोणीही दुर्लक्ष करू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. शंका येताच काडी ओढू नये, विजेचे कोणतेही बटण दाबू नये. शेगडीची तोटी बंद करून, खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच गॅस कंपनीस किंवा १०२ क्रमांकावर अग्निशामक दलास दूरध्वनी करावा. शब्बाथ असला तरी जीव वाचविण्यासाठी तसे करावयास धर्माचीच आज्ञा आहे.

स्वयंपाक नसताना मासळीसारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकसारखा वास आला, तर विजेचा प्लग अथवा तारेचा जोड तापत असण्याचा संभव असतो. अशा वेळी मुख्य स्विच बंद करून वीजतंत्रज्ञास बोलवावे.

हे धोके नाहीत अशी खात्री झाल्यावर इतर कारणे शोधावीत. नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांतच सरावते. यास्तव पंधरा मिनिटे मोकळ्या हवेत थांबून मग घरात शिरावे आणि प्रत्येक खोलीत, मोरीत व कपाटात निरनिराळे हुंगून पाहावे.

गटाराचा वास बहुधा जमिनीतील जाळीतून येतो. ‘स्पॉन्जा’चे पाणी आपण ज्या जाळीत लोटतो, तिच्याखाली काही इंच पाणी साचून राहील अशी रचना असते. हे पाणी म्हणजे गटारातील दूषित वायूंना घातलेले बूचच. बेरशेबा, दिमोना यांसारख्या कोरड्या हवेच्या गावी, किंवा कुटुंब लग्नकार्यासाठी मुंबई-अलिबागकडे महिना-दोन महिने गेले असता, ते पाणी आटते व वास घरभर पसरतो. उपाय सोपा आहे : जाळीत अर्धी बादली पाणी ओतावे. प्रवासास निघण्यापूर्वी पाण्यावर दोन-तीन चमचे खाद्यतेल सोडल्यास ते लवकर आटत नाही. पाणी ओतूनही वास टिकला, किंवा वरच्या मजल्यावरील पाणी सोडताच आपल्या मोरीत गुडगुड आवाज आला, तर नळात दोष समजून इमारतीच्या समितीस कळवावे.

ओलसर, कुबट वास असेल तर हिवाळ्यात थंड भिंतीला लागून ठेवलेली कपाटे पुढे ओढून पाहावीत. वाफ तेथे जमून बुरशी धरते. येथील घरांत फरशीखाली वाळूचा थर असतो व पुष्कळ ठिकाणी नळ त्यातूनच गेलेले असतात. गळके पाणी वाळूत मुरत राहते आणि वरून काहीच दिसत नाही. सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा. तासाभराने तो वाढलेला आढळल्यास गळती निश्चित. बुरशी धुण्यासाठी ‘एकोनोमिका’ वापरताना त्यात आम्ल अथवा अन्य साफ करण्याचे द्रव्य कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वाढत्या वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. आपले आजी-आजोबा एकटे राहत असतील, तर गळणारा गॅस त्यांना जाणवेलच असे नाही. म्हणून त्यांच्याकडे गेल्यावर उंबरठ्यावर क्षणभर थांबून घराचा वास घ्यावा, शेगडीची नळी तपासून पाहावी आणि गॅसची सूचना देणारे यंत्र बसवून द्यावे. त्यांच्या नाकाचे काम आता आपल्या नाकाने करावयाचे आहे.