पैसे गेले, पण क्रिप्टो खात्यात जमा झाले नाहीत? आधी ते कुठे थांबले ते शोधा



आपल्या खंडाळा तालुक्यात शिरवळ-लोणंदच्या कारखान्यांत कामाला जाणारी, पुण्याला शिकणारी मुले मोबाईलवर पैशांचे सगळे व्यवहार करतात. त्यातली काही जण क्रिप्टोही घेतात. मग एखाद्या दिवशी घरात प्रश्न येतो, "पैसे कापले गेले, पण एक्स्चेंजच्या खात्यात दिसत नाहीत. आता काय करायचं?" क्रिप्टो घ्यावे की नाही, हा वेगळा विषय. आज फक्त अडकलेल्या पैशाचे बोलू.

सर्वात आधी एक नियम : घाबरून पुन्हा पैसे पाठवू नका. पैसे कुठल्या टप्प्यावर थांबलेत ते ओळखा, कारण प्रत्येक टप्प्याचा उपाय वेगळा आहे.

टप्पा १ : रुपये बँकेतून एक्स्चेंजकडे जाताना

इथे अडकलेले पैसे बहुतेक वेळा परत येतात, कारण त्यामागे नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढून मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवले आणि समोर जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. आयएमपीएसलाही हीच मुदत आहे. व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटसाठी मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर दररोज १०० रुपये भरपाई मिळायला हवी.

पैसे अडकण्याची नेहमीची कारणे अशी :

- नाव जुळत नाही. एक्स्चेंजचे खाते मुलाच्या नावावर आणि पैसे वडिलांच्या बँक खात्यातून. घरच्या हिशेबात हे एकच असले तरी एक्स्चेंज असे पैसे नाकारते. ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टो व्यवहार मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले आहेत. त्यामुळे पैसा नेमका कोणाचा, हे त्यांना तपासावेच लागते.
- केवायसी अपुरी आहे, किंवा दिवसाची मर्यादा ओलांडली आहे.
- तो मार्गच बंद आहे. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे कॉइनबेस. या अमेरिकन एक्स्चेंजने ७ एप्रिल २०२२ रोजी भारतात यूपीआयने पैसे भरण्याची सोय जाहीर केली. त्याच दिवशी, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सांगितले की कोणतेही क्रिप्टो एक्स्चेंज यूपीआय वापरत असल्याची आपल्याला माहिती नाही. काही दिवसांतच ती सोय बंद झाली. तेव्हा ज्यांचे पेमेंट अडले, त्यांची स्वतःची काहीच चूक नव्हती.

काय करावे : बँकेच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लिहून घ्या, स्क्रीनशॉट ठेवा. पैसे समोर जमा झालेत का, हे बँकेला विचारा. जमा झाले असतील तर तोच क्रमांक देऊन एक्स्चेंजकडे तक्रार नोंदवा. झाले नसतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

टप्पा २ : क्रिप्टो एका वॉलेटमधून एक्स्चेंजकडे जाताना

इथे मात्र जपून. आपल्या खंबाटकीला साताऱ्याकडे जाताना घाट आणि पुण्याकडे येताना बोगदा, अशी एकेरी वाहतूक अनेक वर्षे चालत आली. घाटात चढलेली गाडी मध्येच उलटी फिरवता येत नाही. ब्लॉकचेनही तशीच एकेरी आहे, फक्त इथे परत येण्यासाठी बोगदाही नाही. एकदा नोंद पक्की झाली की ती मागे फिरवणारी बँक नाही, लोकपालही नाही.

दर व्यवहाराला एक ओळख क्रमांक मिळतो, त्याला 'ट्रान्झॅक्शन आयडी' म्हणतात. ब्लॉक एक्सप्लोरर नावाच्या संकेतस्थळांवर तो टाकला की व्यवहाराची स्थिती कोणालाही मोफत पाहता येते. तिथे काय दिसते, त्यावरून कारण ओळखा :

१. 'प्रलंबित' दिसते. थांबा. बिटकॉइनचा एक ब्लॉक तयार व्हायला सरासरी १० मिनिटे लागतात आणि एक्स्चेंज काही ब्लॉक होईपर्यंत वाट पाहते.

२. यशस्वी दिसते, पण नेटवर्क चुकले आहे. सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. टेथर हे एकच नाणे इथेरियम, ट्रॉन, बीएनबी स्मार्ट चेन अशा अनेक नेटवर्कवर चालते. ट्रॉनचा पत्ता वेगळा दिसतो, तो इंग्रजी 'टी'ने सुरू होतो. पण इथेरियम आणि बीएनबी स्मार्ट चेन यांच्या पत्त्याची ठेवण अगदी सारखी आहे. म्हणजे पत्ता बरोबर, रस्ता चुकीचा, आणि ॲप तुम्हाला अडवतही नाही.

३. टॅग किंवा मेमो राहिला आहे. एक्सआरपी, स्टेलर अशा नाण्यांसाठी एक्स्चेंज सर्व ग्राहकांना एकच पत्ता देते आणि ग्राहक ओळखते टॅगवरून. शाळेच्या पत्त्यावर पत्र आले, पण त्यावर विद्यार्थ्याचे नावच नाही, तसा हा प्रकार.

४. रक्कम किमान मर्यादेपेक्षा कमी आहे. अशी रक्कम अनेक ठिकाणी जमाच धरत नाहीत.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात नाणी एक्स्चेंजच्याच ताब्यातील पत्त्यावर असतील तर ती परत मिळू शकतात. पण ते एक्स्चेंजच्या इच्छेवर आणि तांत्रिक सोयीवर अवलंबून असते. काही जण त्यासाठी शुल्कही घेतात. नाणी तिसऱ्याच कोणाच्या पत्त्यावर गेली असतील, तर त्या माणसाने परत केल्याशिवाय ती येत नाहीत.

टप्पा ३ : 'मदत करणारे' भेटतात तेव्हा

खरे मोठे नुकसान अनेकदा इथे होते. समाजमाध्यमांवर "पैसे अडकलेत" असे लिहिले की लगेच 'कस्टमर केअर'चा संदेश येतो. हे ओळखून ठेवा :

- वॉलेटचे १२ किंवा २४ गुप्त शब्द मागणारा माणूस चोरच असतो. खऱ्या एक्स्चेंजला त्यांची गरजच नसते.
- "अडकलेले पैसे सोडवायला आधी कर भरा, अनामत भरा" म्हणणाराही चोरच. तिथे कदाचित तुमचे पैसे अडकलेच नाहीत. ते एक्स्चेंजच खोटे आहे.
- फसवणूक लक्षात येताच १९३० वर फोन करा. बँकेतून गेलेली रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. म्हणून मुलांना सांगून ठेवा, "चूक झाली तर लपवू नका, आम्ही रागावणार नाही." रागाच्या भीतीने गेलेले दोन दिवस फार महागात पडतात.

पाठवण्यापूर्वी चार गोष्टी

पत्ता हाताने टाइप न करता कॉपी करा आणि पूर्ण ताडून पाहा. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क निवडले आहे का, ते बघा. टॅग लागतो का, ते बघा. आधी अगदी लहान रक्कम पाठवून ती जमा झाल्यावरच बाकीची पाठवा. आणि खात्यात जमा झाले म्हणजे सुरक्षित झाले, असेही नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्सवर सायबर हल्ला होऊन २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांना पैसे काढणे बंद झाले.

वर्गात घेता येईल अशी कृती (इयत्ता ८ वी ते १० वी)

फळ्यावर ४० अक्षरे-अंकांचा एक संकेत लिहा. मुलांना तो वहीत उतरवून शेजाऱ्याशी अदलाबदल करून तपासायला सांगा. किती जणांचे एखादे अक्षर चुकले, ते मोजा. मग विचारा, "हा बँकेचा खाते क्रमांक असता तर दाद कोणाकडे मागता आली असती? आणि ब्लॉकचेनचा पत्ता असता तर?" या दोन उत्तरांतला फरक मुलांना कळला, की हा पाठ झाला.