शीर्षक दिसणे आणि शीर्षक असणे

एका जुन्या नियतकालिकातले लेख संकेतस्थळावर चढवण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले होते. प्रत्येक शीर्षक निवडायचे, अक्षर मोठे करायचे, ठळक करायचे, तांबडा रंग द्यायचा. पान देखणे दिसे. मग एका दृष्टिहीन वाचकाचा फोन आला, "अहो, तुमच्या अंकात एकही शीर्षक नाही!"

ते खरेच होते. मजकूर वाचून दाखवणारे त्यांचे सॉफ्टवेअर एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर नेते; पण माझी शीर्षके त्याच्या लेखी नुसती मोठी अक्षरे होती. हवा तो लेख गाठायला त्यांना आधीचे सगळे ऐकावे लागे.

छापखान्याला हा भेद ठाऊक होता. संपादक समासात 'उपशीर्षक' एवढीच खूण करी. त्याला कोणता खिळा लावायचा हे आधीच ठरलेले असे. वेबची एचटीएमएल ही भाषाही मुळात अशाच खुणांची. पुढे रंग-आकाराचे हुकूम थेट मजकुरात घुसू लागले. यावर होकन व्हियुम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी, सर्न या संस्थेत असताना, तोडगा सुचवला : खुणा मजकुरात, रूप वेगळ्या शैलीपत्रकात. बर्ट बॉस यांच्या साथीने त्यातून सीएसएस घडले. त्याची पहिली आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ रोजी प्रमाण ठरली.

पत्रकात एकदा नियम लिहिला की त्या खुणेची सगळी शीर्षके तो पाळतात. 'ओवी', 'अवतरण' अशा आपल्या शैलीही ठरवता येतात. शिवाय लेखक, वाचक आणि ब्राउझर या तिघांचे नियम उतरंडीसारखे एकावर एक बसतात. मंद दृष्टीचा वाचक आपले मोठे अक्षर वरचढ ठरवू शकतो.

देवनागरीला तर याची गरज अधिकच. रोमन लिपीसाठी बेतलेली तयार शैली जशीच्या तशी घेतली, तर अक्षरांत अंतर पडून शिरोरेषा तुटते. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. मी अंतर शून्य केले, ओळींची उंची वाढवली. दोन नियमांत सगळा अंक सुधारला.

शीर्षकांना मात्र एकेक करून खुणा कराव्या लागल्या. तो आळस माझा होता, आणि त्याची किंमत इतके दिवस दुसराच कोणी मोजत होता.