पोहे-जिलबीच्या गावात भूक आवरताना

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांच्याशी भर सभेत पैज लावली: घटवलेल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे हजार कोटींची विकासकामे. ऑक्टोबरपर्यंत ३२ किलो उतरवल्याचे फिरोजियांनी सांगितले. त्यांच्या ताटात कोशिंबीर, वाटीभर हिरवी भाजी, मिश्र धान्याची एकच पोळी. एवढ्यावर भागते कसे? भाजीतला चोथा पोटात जागा धरतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटे लागतात, म्हणून सावकाश जेवावे. वजन उतरले की भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते. तेव्हा जिलबीची ओढ म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. (हजार कोटींचे आमिष सगळ्यांना कुठून मिळणार!) पोह्यांबरोबर मोडाचे मूग घ्या, जिलबी एकच. मधुमेहाची औषधे चालू असतील तर जेवण घटवण्याआधी डॉक्टरांना विचारा.