स्पर्धा संगणकावर, भाग ४ : शाळा, तुकडी आणि विद्यार्थी

मागच्या आठवड्यात प्रश्नसंच कसे साठवायचे ते पाहिले. आता मुलांकडे वळू. ठाण्यातले किंवा कल्याणचे एखादे मंडळ आंतरशालेय स्पर्धा घेते, तेव्हा बहुतेकदा एकच लांबलचक एक्सेल यादी तयार होते : नाव, शाळा, इयत्ता, तुकडी, गुण. पहिले वर्ष निभावून जाते. पुढच्या जूनमध्ये सहावीची मुले सातवीत जातात, कोणीतरी इयत्तेचा रकाना बदलतो आणि गेल्या वर्षी सहावीच्या गटात पहिली आलेली मुलगी सातवीची विजेती दिसू लागते.

याचे उत्तर शाळेच्या कार्यालयातल्या कपाटातच आहे. जनरल रजिस्टरमध्ये मुलाची नोंद एकदाच होते आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळेपर्यंत तो क्रमांक बदलत नाही. हजेरीपट मात्र दर वर्षी नवा. ॲप्लिकेशनमध्येही हेच करायचे. विद्यार्थ्यांचा तक्ता वेगळा, त्यात इयत्ता लिहायचीच नाही. तुकड्यांचा तक्ता वेगळा : शाळा, शैक्षणिक वर्ष, इयत्ता, तुकडी, माध्यम. दोघांना जोडणारा तिसरा तक्ता पटाचा : कोणता विद्यार्थी, कोणत्या तुकडीत, कोणत्या तारखेपासून. स्पर्धेतला प्रवेश या पटनोंदीला जोडायचा. मग डोंबिवलीची मुलगी वर्षाच्या मधेच ठाण्याच्या शाळेत गेली, तरी आधीचे गुण आधीच्या शाळेकडेच राहतात. माझ्या मते सगळ्या मांडणीतला हा सर्वांत मोठा निर्णय आहे. बाकीचे नंतर दुरुस्त करता येते. पुसला गेलेला इतिहास परत येत नाही.

शाळा नावाने ओळखू नये. एकाच संस्थेच्या, एकाच नावाच्या शाखा शहरभर असतात आणि प्रत्येक शिक्षक नाव आपापल्या पद्धतीने लिहितो. ११ अंकी यूडायस क्रमांक घ्या. त्यातले पहिले दोन अंक, २७, महाराष्ट्राचे. शाळा कोणत्या महापालिकेच्या हद्दीत येते हा रकाना वेगळा आणि बदलता ठेवा. डोंबिवली परिसरातली २७ गावे २००२ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेतून बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. शाळा जागच्या जागीच होत्या.

विद्यार्थ्याचा सरल क्रमांक १९ अंकी असतो : चार अंक वर्षाचे, अकरा शाळेचे, शेवटचे चार मुलाचे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते, पुढच्यांची शून्ये करते. म्हणजे वर्ष आणि शाळा उरते, मूल नाहीसे होते, आणि एका शाळेत एका वर्षी नोंदलेली सगळी मुले एकच क्रमांक घेऊन येतात! म्हणून शाळांना यादीचा नमुना पाठवतानाच तो रकाना मजकूर म्हणून ठरवून द्यायचा. नुसत्या नावावर विसंबण्यात तर अर्थच नाही. आपल्या भागात एका वर्गात चार पाटील आणि तीन म्हात्रे सहज सापडतात.

माध्यमाचा प्रश्न नाजूक आहे. सेमी इंग्रजीची तुकडी मराठी शाळेतली, पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. सहावी आणि नववीसाठी होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसारख्या परीक्षेत अशा मुलाला मराठी प्रश्नपत्रिका गेली, तर त्याला येत असलेले उत्तरही हुकते. त्यामुळे प्रश्नपत्रिकेची भाषा प्रत्येक प्रवेशासोबत विचारा, तुकडीवरून गृहीत धरू नका. पात्र इयत्ताही स्पर्धेच्या त्या त्या वर्षाच्या नोंदीत असाव्यात. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली, तेव्हा हा फरक सगळ्यांनीच अनुभवला.

अधिकारांचे थोडक्यात : वर्गशिक्षकाला स्वतःची तुकडी दिसावी, मुख्याध्यापकांना स्वतःची शाळा, संयोजकांना सगळे. आधार क्रमांक, घरचा पत्ता, जात यांतले काहीही स्पर्धेला लागत नाही, म्हणून मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे.

पुढच्या भागात आसनक्रमांक आणि परीक्षाकेंद्रे घेऊ. तोवर संयोजकांनी आपल्या यादीतल्या प्रत्येक शाळेचा यूडायस क्रमांक तेवढा मिळवून ठेवावा.