पुनरावृत्ती स्वस्त झाली. पण कोणत्या सुरांची?

शहापूर तालुक्यातील डोळखांबसारख्या डोंगरपायथ्याच्या गावात हार्मोनियम शिकू पाहणाऱ्या मुलाची अडचण पेटीची नसते. पेटी भजनी मंडळ वर्गणी काढून घेते. अडचण असते ती शिकवणाऱ्याच्या सवडीची. शेतीची कामे, मजुरी किंवा आसनगावहून लोकलने नोकरीवर जाणे-येणे यांतून उरलेल्या रात्री पेटीवाले बुवा एखादी चाल दोनदा, फार तर तीनदा वाजवून दाखवतात. चौथ्यांदा 'पुन्हा एकदा' म्हणण्याचा धीर शिष्याला होत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे टंचाई होती ती विद्येची नव्हे, पुनरावृत्तीची.

ही टंचाई मोबाइलने बव्हंशी संपवली आहे. ध्वनिमुद्रणाची गती कमी करून हवा तो चार मात्रांचा तुकडा कंटाळा न येता शंभर वेळा ऐकवणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. गती कमी करण्याची सोय यूट्यूबवरही आहे. तबकडीच्या काळात ही युक्ती अगदीच अज्ञात होती असे नव्हे. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी १६ फेऱ्यांवर लावली की गती निम्मी होई. परंतु स्वरही एक सप्तक खाली घसरे आणि गायिकेचा आवाज घोगऱ्या पुरुषाचा वाटू लागे. नव्या तंत्रात ध्वनीचे अतिसूक्ष्म तुकडे पाडून ते एकमेकांवर किंचित चढवत पसरले जातात. त्यामुळे काळ लांबतो, स्वर ढळत नाही. या तंत्राच्या एका शाखेचा पाया अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ साली घातला. त्यांच्यासमोर प्रश्न गाण्याचा नव्हे, तर माणसाच्या बोलण्याचा होता! गती तशीच ठेवून केवळ पट्टी बदलणेही आता शक्य आहे. मुद्रणातील गायकाची काळी पाच आणि मंडळाची काळी दोन हा जुना तिढा त्यामुळे बोटाच्या एका स्पर्शाने सुटतो.

मर्यादाही आहेत. गती फारच उतरवली की पखवाजाची थाप फाटते. मींड लांबली की शिकणारा ती घसरण न समजता पायऱ्या मोजत उतरू लागतो. कुमार गंधर्व बालवयात थोर गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत. तरीही पुढे मुंबईत प्रा. देवधरांपुढे बसून त्यांना शिकावे लागलेच.

परंतु खरा प्रश्न याहून वेगळा आहे. यंत्र पुनरावृत्ती करते ती मुद्रित झालेल्या सुरांचीच. शहरातील नामवंत गायकांचे अभंग मोबाइलवर हवे तेवढे आहेत. गावातल्या वयोवृद्ध बुवांची चाल मात्र तेथे असण्याचा संभव फारच थोडा. वारली लग्नात धवलेरी गाते ती गाणी तिच्या स्मरणात असतात आणि तिच्यासोबत गाता गाताच पुढे जातात. एकीकडे शंभर वेळा फुकट ऐकता येणारा सूर आणि दुसरीकडे वर्षातून चार वेळा कानी पडणारा सूर. तरुण कोणता उचलील, हे सांगायला पंडिताची गरज नाही. सगळ्या मंडळांच्या चाली एकसारख्या होत गेल्या तर त्यास मुलांच्या आळसाला बोल लावणे अन्यायाचे ठरेल.

यावर उपाय खर्चिक नाही. साध्या मोबाइलवर, शांत खोलीत, एकच चाल एकदा नेहमीच्या गतीत आणि एकदा सावकाश, पेटीची पट्टी आधी सांगून, मुद्रित केली की शिकण्याजोगा ऐवज तयार होतो. तारप्याचे मुद्रण मात्र चित्रासहित हवे. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो कसा, हे नुसत्या आवाजाची गती कमी करून कळत नाही. गाल आणि छाती दिसावी लागते. धवलेरीची गाणी विधीची आहेत. ती लग्नाबाहेर मुद्रित करावीत का, आणि कोणाला ऐकू द्यावीत, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आणि तिच्या समाजाचा. कोणा उत्साही संग्राहकाचा नव्हे.

आणि मुद्रणासाठी बसणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. तो ग्रामपंचायतीने द्यावा, शाळेने द्यावा की मंडळाच्या वर्गणीतून द्यावा, हे मुद्रणाची तारीख ठरवण्यापूर्वी निश्चित व्हायला हवे.