पश्चात्ताप म्हणजे नुसते वाईट वाटणे? ख्रिस्ती धर्म काय सांगतो?

भद्रावती तालुक्यातील माजरी कोळसा खाणींसाठी ओळखली जाते. हा परिसर सिरो-मलबार कॅथलिक चर्चच्या चांदा धर्मप्रांतात येतो. त्याचे मुख्यालय बल्लारपूरला आहे. या चर्चच्या परंपरेत ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सोमवारी सुरू होतो, तर रोमन परंपरेत राखेच्या बुधवारी. वार वेगळा, पण हाक एकच : पश्चात्ताप करा.

धर्मसिद्धांत म्हणजे काय?

चर्चने अधिकृतपणे मान्य केलेली श्रद्धेची शिकवण म्हणजे धर्मसिद्धांत. देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्य आहे, हे त्याचे ठळक उदाहरण. इ.स. 325 मधील निकिया परिषदेने येशूच्या देवत्वाविषयीचा सिद्धांत शब्दबद्ध केला. उपवास कोणत्या वारी सुरू करायचा, ही मात्र रीत आहे, सिद्धांत नव्हे.

पश्चात्ताप म्हणजे काय?

मराठी शब्दात 'ताप' आहे, म्हणजे नंतर होणारी जळजळ. बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइआ' याचा अर्थ मन बदलणे, तर जुन्या करारातील हिब्रू शब्द 'शूव' म्हणजे मागे फिरणे. केलेल्या चुकीबद्दल रडू येणे ही सुरुवात. वाट बदलणे हा खरा पश्चात्ताप.

कबुली दिली की संपले?

नाही. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूसमोर पापांची कबुली दिली जाते आणि ती गुप्त ठेवण्याचे त्यांच्यावर बंधन असते. मात्र क्षमा मिळाली तरी चोरलेली वस्तू परत करावी लागते, बदनामी केली असेल तर ती भरून काढावी लागते. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांत कबुली थेट देवापुढे दिली जाते. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी आपल्या 95 प्रबंधांपैकी पहिल्यातच, श्रद्धावंताचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असे मांडले.

पंडिता रमाबाईंचा अनुभव

सिद्धांत आणि पश्चात्ताप यांतील अंतर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही चर्चचे सिद्धांत त्यांनी मुकाट्याने स्वीकारले नाहीत. त्रैक्यासारख्या विषयांवर पत्रांतून वाद घातला. पुढे त्यांनी लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना उमगले. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत पापांची कबुली देऊ लागल्या. ही घटना ख्रिस्ती जगतात गाजली.

खरा पश्चात्ताप कसा ओळखावा?

बायबलमधील जकातदार जक्कय याचे उत्तर सोपे आहे. येशू घरी आल्यावर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे ठरवले. त्याने सिद्धांत पाठ म्हणून दाखवला नाही. हिशेब चुकता केला.