आयोडीनचे औषध घेऊन घरी आलेले माणूस

भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. मोठे दुखणे निघाले की आपल्या जिल्ह्यातला माणूस एस.टी.ची वाट धरतो, आणि तिथेही भागले नाही तर मुंबईची. अशा मोठ्या रुग्णालयांत गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या काही दुखण्यांवर एक औषध देतात. दिसायला साधेच. एखादी गोळी, नाही तर घोटभर पाणी. पण ते घेतल्यावर रोगी घरी येतो तेव्हा त्याच्या हातात एक कागद असतो. लहान मुलांना जवळ घेऊ नका, वेगळे झोपा, संडासात पाणी जास्त ओता, असे बरेच काही त्यावर लिहिलेले असते.

हा कागद वाचून घरात दोन तऱ्हा होतात. काही घरे घाबरून जातात. रोग्याची खाट गोठ्याकडे जाते, ताट दुरून सरकवले जाते, महिना उलटला तरी त्याच्या हातचे पाणी कोणी घेत नाही. दुसऱ्या घरात सासूबाई म्हणतात, "डॉक्टर काहीबाही लिहितातच," आणि नातू त्याच रात्री आईच्या कुशीत झोपतो. पहिल्या घरात रोग्याचा जीव विनाकारण दुखावतो. दुसऱ्या घरात लेकराच्या कोवळ्या गळ्याला अपाय होऊ शकतो. म्हणून या कागदामागचे कारण घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी बसलेली ग्रंथी. शरीरात आलेले आयोडीन ती ओढून घेते. मग ते मिठातले असो की औषधातले, तिला फरक कळत नाही. डॉक्टरांनी याच सवयीचा उपयोग करून घेतला. अणुभट्टीत तयार केलेले आयोडीन-१३१ रोग्याला पाजले की ते आपल्या पायांनी ग्रंथीपर्यंत जाते आणि बिघडलेल्या पेशींना आतूनच जाळते. ग्रंथी बेफाम काम करू लागली असेल, किंवा तिथल्या काही प्रकारच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन थोडे अवशेष उरले असतील, तर हे औषध उपयोगी पडते. अमेरिकेत बॉस्टनच्या डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली किरणोत्सर्गी आयोडीन रोग्याला प्रथम दिले. आपल्याकडे १९५६ साली तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि १९६३ साली मुंबईच्या परळ भागात अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. तेव्हापासून हे उपचार देशातच होत आहेत.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. एक्स-रे काढलेल्या माणसाच्या अंगात काहीच उरत नाही. कर्करोगावर बाहेरच्या यंत्रातून किरण देतात, ज्याला आपल्याकडे 'शेक देणे' म्हणतात, तो घेतलेला माणूसही घरी आल्यावर कोणाला किरण देत नाही. दिवा विझवला की खोलीत उजेड उरत नाही, तसेच हे. अशा रोग्याशी अंतर ठेवणे म्हणजे त्याच्यावर अन्यायच. आयोडीनच्या औषधाची गोष्ट वेगळी, कारण इथे दिवाच पोटात गेलेला असतो. तो विझेपर्यंत त्याचा थोडा उजेड बाहेर पडत राहतो. आपल्याला तो दिसत नाही, त्याचा वास येत नाही, चटका बसत नाही.

हा दिवा विझतो कसा? आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. कोठीत सोळा पायली धान आहे असे समजा. आठ दिवसांनी आठ पायली उरेल, सोळा दिवसांनी चार, चोवीस दिवसांनी दोन आणि बत्तीस दिवसांनी एक. रोग्याच्या अंगातले तर याहून लवकर कमी होते, कारण ग्रंथीने न ओढलेले औषध लघवीवाटे निघून जाते, आणि तेही मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत. थोडे घामातून आणि थुंकीतूनही जाते. कागदावरचे बहुतेक नियम यातूनच निघालेले आहेत. हाडांच्या तपासणीसाठी वापरतात ते टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते, म्हणून त्या तपासणीचा माणूस दुसऱ्या दिवशी जवळजवळ मोकळाच.

रुग्णालयात हे औषध हाताळणाऱ्यांचे नियम आणखी कडक असतात. औषध शिशाच्या जाड भांड्यात येते, चिमट्याने उचलतात, हातात मोजे असतात, आणि त्या खोलीत चहाचा घोट घ्यायलाही बंदी. कर्मचाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याला किती किरण लागले ते त्या बिल्ल्यावरून ठरावीक मुदतीने मोजतात. या सगळ्यावर देखरेख ठेवायला १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याच्या परवान्यावाचून कोणालाही असा विभाग चालवता येत नाही. कर्करोगासाठी मोठी मात्रा दिलेल्या रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याचे मलमूत्र सरळ गटारात जात नाही, खास टाकीत साठवून ठेवतात आणि त्यातला जोर ओसरल्यावरच सोडतात. यंत्राने मोजून आकडा मर्यादेच्या खाली आला की मगच घरी जायची परवानगी. तेव्हा रोगी घरी आला याचा अर्थ मोठा धोका मागे राहिला आहे. उरल्यासुरल्याची काळजी आपण घ्यायची.

ती काळजी तीन गोष्टींत येते: अंतर, वेळ आणि पाणी. अंतर दुप्पट केले की किरण साधारण चौथाईवर येतात, तिप्पट केले की नवव्या हिश्शावर. म्हणून रोग्याची खाट चार-पाच हात दूर टाकली की पुष्कळ काम झाले; त्याला गोठ्यात पाठवायची गरज नाही. ओसरीवर बसून सगळ्यांशी बोलावे, जेवावे. जवळ येऊन दोन शब्द बोलले, औषध दिले, तर काही बिघडत नाही. तासन्‌तास अंगाला अंग लावून बसू नये, एवढेच. एस.टी.ने परतताना बाजूला गरोदर बाई किंवा लहान मूल नसावे. मागची एखादी रिकामी जागा मिळाली तर उत्तम.

पाणी भरपूर प्यावे आणि लघवी तुंबवून ठेवू नये. पुरुषांनीही संडासात बसूनच लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, आणि नंतर दोनदा भरपूर पाणी ओतावे. विहिरीजवळ किंवा तलावाकाठी बसायला अजिबात जाऊ नये. घरी संडास नसेल तर ही गोष्ट औषध घेण्याआधीच रुग्णालयात सांगावी, लाजू नये. ते काही दिवस जास्त ठेवून घेण्याचा विचार करू शकतात. रोग्याचे कपडे आणि अंथरूण वेगळे धुवावे, तलावाच्या घाटावर सगळ्यांच्या धुण्यात मिसळू नये. ताट-पेला वेगळा ठेवावा. घासून धुतल्यावर भांड्याला काही दोष राहत नाही, ते फेकायला नको. त्या दिवसांत इतरांसाठी कणीक मळणे, भाजी चिरणे दुसऱ्या कोणी करावे. आणि आपल्याकडची खोड म्हणजे खर्रा. एकाच पुडीतून चौघांनी चिमटी घ्यायची! तो तसाही सोडण्यालायक आहे, पण निदान या दिवसांत तरी पुडी वाटू नये.

सर्वांत जास्त जपायचे ते लहान मुलांना आणि पोटुशी बाईला. वाढत्या अंगाला किरण अधिक बाधतात, आणि मूल तर गळ्यात पडल्याशिवाय राहत नाही. तरुण आईला औषध द्यायचे असेल तर लेकराला मामाच्या गावी किंवा आजीच्या हाती सोपवायची व्यवस्था आधीच करून ठेवावी. किती दिवस ते मात्रेवर अवलंबून असते, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडाच खरा. शेजाऱ्याच्या रोग्याला आठ दिवस सांगितले होते म्हणून आपलेही आठच, असे धरू नये.

बायकांनी दोन गोष्टी डॉक्टरांपासून मुळीच लपवू नयेत. दिवस गेले असतील, किंवा नुसती शंका असेल, तरी सांगावे; गरोदरपणात हे औषध देत नाहीत, कारण ते पोटातल्या बाळाच्या ग्रंथीत जाते. अंगावर पाजत असेल तेही सांगावे. दुधातून आयोडीन उतरते, म्हणून पाजणे उपचाराच्या कित्येक आठवडे आधी बंद करावे लागते आणि त्या बाळाला पुन्हा सुरू करता येत नाही. पुढचे मूल केव्हा होऊ द्यायचे हेही विचारून घ्यावे. साधारण सहा महिने तरी थांबायला सांगतात. हा प्रश्न नवऱ्यानेही स्वतःसाठी विचारावा. रोवणीच्या दिवसांत बाया बांधीत ओळीने, खांद्याला खांदा लावून वाकलेल्या असतात. त्यांत एखादी पोटुशी असतेच. तेव्हा निकड नसेल तर उपचाराची तारीख रोवणीच्या पुढे-मागे मागून पाहावी. कर्करोग असेल तर मात्र धानासाठी थांबू नये.

कर्करोगाच्या उपचाराआधी काही दिवस रोग्याला आयोडीनचे मीठ बंद करायला सांगतात, ग्रंथी भुकेली राहावी म्हणून. ते पथ्य फक्त रोग्याचे. बाकी घराने आयोडीनयुक्त मीठच खावे, नाही तर गलगंडाला आमंत्रण.

मुदत संपली की पथ्यही संपले. त्या दिवसापासून रोग्याच्या हातची भाकर खावी, पोर त्याच्या मांडीवर द्यावे. किरण हे काही खरुजेसारखे एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. मनात शंका उरलीच तर पुढच्या खेपेला रुग्णालयात यंत्र लावून दाखवा म्हणावे.